पाचशे साठ की पाचशे आठ? घरच्या वर्कशॉपसाठी इअरमफ निवडताना

गेल्या वर्षी भिंतीतल्या कोनाड्यात बसवायला एक फळी कापायची होती. मी कोनाड्यात टेप धरून माप वाचत होते आणि बाबा बाकापाशी उभं राहून फळीवर पेन्सिलीने खूण करत होते. मी म्हटलं, "पाचशे साठ." त्यांनी खूण केली, मी करवत चालवली, फळी नेऊन कोनाड्यात धरली तर ती बावन्न मिलिमीटर आखूड. खूण करताना शेजारी माप लिहायची बाबांची जुनी सवय आहे. फळीच्या कडेला त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं : ५०८.

'साठ'मधला 'स' त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी काय म्हणाले ते त्यांना नीट ऐकू आलं होतं, आवाजही पुरेसा मोठा होता, पण त्यांच्या कानात शब्द शिरला तो 'आठ' होऊन.

बाबा तीस वर्षं पत्र्याच्या प्रेसवर होते. दिवसभर धाड, धाड, धाड. ते ज्या कारखान्यात होते तिथे कानाला लावायला काही दिलं जात नसे. कामगार आपापले कापसाचे बोळे कानात घालायचे. कापूस जेमतेम काही डेसिबल आवाज अडवतो, तेही नीट नाही, पण ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बोळा घातला की कानाला काहीतरी लावल्याचं समाधान तेवढं मिळायचं. त्या समाधानाची मला आजही चीड येते.

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात केसांसारखे तुरे असलेल्या पेशी असतात, प्रत्येक कानात साधारण पंधरा-सोळा हजार. आवाजाने त्या डोलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. सततच्या मोठ्या आवाजाने त्या थकतात, मग मोडतात, आणि माणसात मोडलेली पेशी पुन्हा उगवत नाही. आवाजाने होणारी हानी सहसा ३००० ते ६००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच सुरांच्या, पट्ट्यात सुरू होते, बहुतेक वेळा ४००० च्या आसपास. 'स', 'श' यांसारख्या वर्णांचा जोर नेमका त्याच भागात आणि त्याच्या वर असतो. स्वर खालच्या पट्टीत, म्हणून ते टिकतात. त्यामुळे माणूस म्हणतो, "ऐकू येतंय, पण नीट कळत नाही." 'साठ'चा 'आठ' होतो, 'सण'चा 'अण' होतो, आणि घरातले म्हणतात, लक्ष देत नाहीत.

त्या फळीनंतर मी माझ्या कानांकडे वळले. मागच्या खोलीतलं माझं वर्कशॉप सहा वर्षांचं झालं आहे. राऊटर (लाकडाची कड घडवणारं, खाचा पाडणारं यंत्र), हातातली गोल करवत, सँडर, ड्रिल, भुसा ओढणारा व्हॅक्यूम. राऊटरवर तासभर काम केलं की संध्याकाळी कानात दडे बसायचे आणि रात्री उशीला डोकं टेकलं की बारीक शिट्टी सुरू व्हायची. सकाळी सगळं पूर्ववत. सकाळी बरं वाटतं म्हणून मी ते मनावर घेतलं नव्हतं. खरं तर दडे बसणं म्हणजेच पेशी थकल्याची खूण. सकाळी ऐकू येणं पूर्ववत झालं तरी आत सगळं पूर्ववत झालं असेलच असं नाही.

श्रवणतपासणी करून घेतली. आलेखात ४००० पाशी डाव्या कानाची रेघ थोडी खाली उतरून पुन्हा वर आलेली. लहानशी खाच. बाबांच्या आलेखात त्याच जागी दरी आहे. दोन कागद शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले होते.

माझ्याकडे इअरमफ, म्हणजे डोक्यावरच्या पट्ट्याला जोडलेल्या, कान झाकणाऱ्या दोन वाट्या, नव्हता असं मुळीच नाही. होता, आणि चांगला दणकट होता. खोक्यावर एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबल कमी होतो त्याचा आकडा, ३० लिहिलेला. विकत घेताना मी फक्त तो आकडा पाहिला होता: मोठा आकडा, म्हणजे जास्त रक्षण. तो घालूनच मी सहा वर्षं काम केलं, असं मी श्रवणतपासणी करणाऱ्या बाईंना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सलग घालता का?"

उत्तर मला माहीत नव्हतं, म्हणून मोजलं. पुढच्या कामाच्या वेळी बाकाजवळच्या भिंतीवर खडूने रेघा मारायच्या ठरवल्या. यंत्र चालू असताना मफ सरकवला, एक वाटी उचलली किंवा गळ्यात उतरवला की एक रेघ. चाळीस मिनिटांत चौदा रेघा. एकदा कपाळावरचा घाम पुसायला. एकदा फोन वाजल्यासारखा वाटला म्हणून. दोनदा राऊटरचा आवाज बदलला का ते ऐकायला. बाकीच्या सगळ्या वेळा एकाच कारणाने : कानशिलावर चष्म्याची काडी रुतत होती आणि क्षणभर वाटी उचलली की हायसं वाटत होतं.

आता यातला हिशोब मांडते, कारण मला तो कोणी आधी मांडून दाखवला असता तर बरं झालं असतं. समजा एखादा मफ खरोखर ३० डेसिबल आवाज कमी करतो. ३० डेसिबल म्हणजे ऊर्जा हजारावा भाग. तासभर यंत्र चालू आहे आणि त्यात मिळून सहा मिनिटं मफ कानावर नाही. त्या सहा मिनिटांत कानात जी ऊर्जा शिरते ती उरलेल्या चोपन्न मिनिटांत शिरलेल्या ऊर्जेच्या शंभरपटीहून जास्त असते. तासाची सरासरी काढली तर ३० चा मफ १० डेसिबलचा होऊन बसतो. एका तासात जेमतेम छत्तीस सेकंद काढला तरी ३० चे २० होतात. उलट २० डेसिबलचाच मफ, पण तासभर हललाच नाही, तर तो पूर्ण २० देतो. म्हणजे मऊ गादीचा, हलका, साधा मफ त्या दणकट मफला सहज मागे टाकू शकतो. फक्त तो कानावरून काढावासा वाटता कामा नये. तेव्हापासून माझ्यासाठी आराम हाच संरक्षणाचा मुख्य भाग झाला आहे, आणि मफ निवडताना मी पहिल्यांदा तेच पाहते.

पाहायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगते.

चष्मा. मला तो लागतोच, आणि लाकूडकाम करताना त्यावर सुरक्षा-चष्माही असतो. मफची गादी कानाभोवती सगळीकडून त्वचेला चिकटून बसली पाहिजे, तिथेच आवाज अडतो. चष्म्याची काडी गादीखालून जाते तिथे तिच्या वर आणि खाली बारीक फट राहते. काडी जाड असेल तर त्या फटीतून काही डेसिबल आरामात आत येतात. आणि वरून मफचा दाब काडीवर, काडीचा दाब कानामागच्या हाडावर. पंधरा मिनिटांत ठणका सुरू. याला मी दोन उपाय केले. एक, वर्कशॉपसाठी वेगळा चष्मा करून घेतला. त्याच्या काड्या धातूच्या, चपट्या, सरळ आणि बारीक आहेत. नंबर घालून घेतलेला सुरक्षा-चष्माच केला, म्हणजे एकावर एक दोन काड्या येत नाहीत. दुसरा उपाय, मफची गादी खूप मऊ घेतली. बोटाने दाबली की बोटाचा आकार घेते आणि सावकाश वर येते अशी. काही गाद्यांत आत जेल असतं, त्या थोड्या जड पण काडीभोवती छान बसतात. कडक फुग्यासारखी गादी असेल तर ती काडीवर तरंगते, तिच्या नादी लागू नये.

पकड. डोक्यावरचा पट्टा दोन्ही वाट्या किती जोराने आत दाबतो त्यावर सगळं अवलंबून असतं. दाब कमी असेल तर आवाज शिरतो, जास्त असेल तर आपण मफ काढतो. मोठ्या आकड्याचे मफ बहुतेक करून जोरात आवळतात. दोन मिनिटं घालून हे कळत नाही. मी नवीन मफ आणला की आधी घरात शांतपणे वाचत बसून अर्धा-पाऊण तास घालते. कानशिलं ठणकली, जबडा आवळल्यासारखा वाटला, माथ्यावर एकाच बिंदूवर टोचलं, तर तो वर्कशॉपमध्ये टिकणार नाही हे तिथेच समजतं. पट्टा ताणून ठेवून सैल करायचा उद्योग मात्र मी करत नाही. सैल झालेला पट्टा नंतर पुन्हा आवळता येत नाही आणि किती सैल झाला हे मोजायला घरी काही साधन नसतं.

वाटीची खोली. हे फार कोणी बोलत नाही, पण माझ्या बाबतीत निर्णायक ठरलं. माझे कान डोक्यापासून थोडे बाहेर आलेले आहेत. उथळ वाटीत कानाचा वरचा काठ आतल्या फोमला टेकतो. पहिली दहा मिनिटं काहीच वाटत नाही. मग तो काठ गरम होतो, मग चुरचुरायला लागतो, आणि मग लक्ष कामातून उडून कानाकडे जातं. आत्ता जो वापरते त्याच्या वाटीत कान कुठेही टेकत नाही. आतल्या पोकळीचा आकारही बघावा. गोल पोकळीपेक्षा लांबट पोकळीत कान पाळीसकट बसतो. पाळीवर गादी आली तर कानातलं रुततं, म्हणून कामाच्या वेळी मी कानातलं काढून ठेवते.

केस. अंबाडा घातला तर डोक्यावरचा पट्टा मागे सरकतो आणि वाट्या तिरक्या होतात. मी आता वेणी घालून ती कामाच्या कोटाच्या आत टाकते. फिरत्या यंत्राजवळ तसंही ते बरं. कानाभोवतीच्या बटा मात्र गादीखालून बाहेर काढायच्या, प्रत्येक वेळी, दोन्ही बोटांनी. भुशासाठी मास्क लावत असाल तर त्याचे पट्टेही गादीखालून जाऊ देऊ नका. आधी मास्क, मग चष्मा, शेवटी मफ, हा क्रम मला सोयीचा पडला आहे.

वजनाबद्दल फार लिहीत नाही. हलका बरा. मान वाकवून तासभर काम करणाऱ्याला फरक कळतो.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे येते. काही खोक्यांवर एनआरआर असतो, ती अमेरिकी पद्धत. काहींवर एसएनआर असतो, ती युरोपातली. दोन्ही डेसिबलमध्येच, पण मोजायची रीत वेगळी, त्यामुळे एकाच मफचा एसएनआर एनआरआरपेक्षा सहसा थोडा मोठा दिसतो. एका खोक्यावरचा एनआरआर आणि दुसऱ्यावरचा एसएनआर यांची तुलना करू नका. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले असतात, तिथे मफ नीट बसवून चाचणी होते. घरी, घामेजलेल्या कानांवर, चष्म्यावरून तेवढं मिळत नाही. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेने १९९८ मध्ये सुचवलेली एक रीत मी वापरते. मफचा एनआरआर पंचवीस टक्क्यांनी कमी धरायचा, कानात घालायच्या फोमच्या प्लगचा निम्मा धरायचा, आणि आवाज डीबीए मापात (माणसाच्या कानाला जुळवलेले डेसिबल) मोजला असेल तर त्यातून आणखी ७ वजा करायचे. माझ्या सध्याच्या मफचा एनआरआर २५ आहे. त्यातले पंचवीस टक्के गेले, राहिले पावणेएकोणीस. त्यातून ७ गेले, राहिले सुमारे १२.

बारा ऐकून मन खट्टू होतं, माझंही झालं होतं. पण पुढचा हिशोब बघा. त्याच संस्थेची शिफारस अशी की ८५ डीबीए आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. फोनवरच्या ॲपने कानाजवळ मोजलं तेव्हा माझा राऊटर एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) कापताना ९८ च्या आसपास होता, गोल करवत १०३, सँडर ८८, व्हॅक्यूम ८४. फोनचं माप अगदी काटेकोर नसतं, पण अंदाज बांधायला पुरतं. ९८ मधून १२ गेले की ८६. मी राऊटर एका दिवशी तासाभराहून जास्त चालवत नाही, ८६ ला तर सहा तासांची मुभा आहे. करवतीचे १०३ उतरून ९१ होतात, तिथे दोन तास मिळतात, मला दहा मिनिटं लागतात. म्हणजे साधा, आरामशीर मफ माझ्या कामाला पुरतो, कानावर राहिला तर. आणि हातात मोजायला काहीच नसेल तर एक ढोबळ खूण आहे : हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला, तर तिथे ८५ च्या वर आवाज आहे असं समजा.

आकडा फार मोठा असण्यात आणखी एक तोटा आहे. कानापर्यंत आवाज ७० च्याही खाली गेला की माणूस पार बंद पडल्यासारखा होतो. राऊटर दमायला लागला की त्याचा सूर खाली येतो, पातं बोथट झालं की करवतीच्या आवाजात एक खरखर येते, फळी पकडीतून सरकायला लागली की थरथर ऐकू येते. हे सगळं ऐकू आलं पाहिजे, हात वाचवायला ते लागतं. पहिला मफ मी यंत्राचा आवाज ऐकायला दोनदा उचलला होता, तो याचसाठी. सुदैवाने मफ कर्कश वरचे सूर जास्त अडवतो आणि मोटरची घरघर त्यामानाने जास्त आत येऊ देतो. थोडे दिवस त्या बदललेल्या आवाजाची सवय करून घेतली की यंत्राचं बोलणं मफमधूनही समजतं. मला साधारण दोन आठवडे लागले.

प्लगबद्दल माझं मत सावध आहे. फोमचे प्लग नीट बसले तर उत्तम काम करतात. हलके, चष्म्याच्या आड येत नाहीत, डोकं आवळत नाहीत. पण 'नीट बसले तर' या तीन शब्दांत सगळं आलं. कानाची नळी सरळ नसते, वळणदार असते. म्हणून प्लग बोटांत वळून बारीक सुरळी करायची, सुरकुती न पडू देता. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते. सुरळी आत सरकवायची आणि बोटाने वीस-तीस सेकंद धरून ठेवायची. आत फोम हळूहळू फुगताना जाणवतो, आवाज दूर दूर जात जातो, जणू कोणी एकेक दार लोटत चाललं आहे. बसला की आपलाच आवाज घुमणारा आणि जाड ऐकू येतो. शेवटची पारख : यंत्र चालू करून दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबायचे. आवाजात मोठा फरक पडला तर प्लग नीट बसलेला नाही, काढून पुन्हा बसवायचा.

हे सगळं स्वच्छ बोटांनी करायचं असतं, आणि वर्कशॉपमध्ये माझी बोटं स्वच्छ नसतात. गोंद असतो, भुसा असतो, कधी पॉलिश असतं. मध्ये कोणी बोलायला आलं की प्लग काढा, परत हात धुवा, परत सुरळी करा. म्हणजे पुन्हा तीच गत, माणूस कंटाळतो आणि अर्धवट खुपसतो. अर्धवट खुपसलेला फोमचा प्लग कापसाच्या बोळ्याहून फार वेगळा नाही. म्हणून सलग लांबचं काम असेल, हात धुऊन एकदाच बसवायचे असतील, तेव्हाच मी प्लग वापरते. ज्यांना अशी ये-जा असते त्यांच्यासाठी तीन पाकळ्यांचे सिलिकॉनचे प्लग आहेत, ते दांडीला धरून आत सरकवता येतात आणि धुता येतात. त्यांत माप महत्त्वाचं. माझ्या कानाची नळी अरुंद आहे, मधलं माप घातलं की अर्ध्या तासात ठणकायचं, लहान माप घेतल्यावर तक्रार गेली. दोन कानांना दोन वेगळी मापं लागू शकतात, हेही खरं आहे. दोरीने जोडलेले प्लग हरवत नाहीत, पण ड्रिल प्रेस किंवा लेथजवळ गळ्यात लोंबणारी दोरी नको. कानातून स्राव येत असेल, पडद्याला छिद्र असेल, मळ साचलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत काही घालू नका.

फारच आवाजाच्या कामाला, धातूवर हातोडा किंवा ग्राइंडर असेल तेव्हा, मी आत प्लग आणि वर मफ दोन्ही लावते. दोन्हींची बेरीज होत नाही हे लक्षात ठेवा. जो मोठा असेल त्यात साधारण ५ डेसिबलची भर पडते, तेवढंच.

गाणी ऐकायचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन वापरले तर चालतील का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. त्या हेडफोनचं तंत्र विमानाच्या घरघरीसारखा खालचा, एकसारखा आवाज छान पुसतं. करवतीची किंकाळी वरच्या सुरांत असते, तिथे ते फारसं काही करत नाही. त्यांना बहुधा रक्षणाचा कुठलाच आकडाही दिलेला नसतो. आवाज कमी झाल्यासारखा वाटतो आणि माणूस निर्धास्त होतो. कापसाच्या बोळ्याचीच ही गोष्ट आहे.

मायक्रोफोनवाले मफ मात्र वेगळे. बाहेरचं बोलणं आत ऐकवतात आणि मोठा आवाज आला की तो दाबून मर्यादेत ठेवतात. मी असा एक उसना घेऊन महिनाभर वापरला. थोडा जड आहे, बॅटरी लागते, पण खडूच्या रेघा चौदावरून दोनवर आल्या. कोणी दारात येऊन हाक मारली तरी मफ उचलावा लागत नव्हता. घरात लहान मुलं वर्कशॉपमध्ये डोकावत असतील तर याच्याइतका निश्चिंतपणा दुसऱ्या कशात नाही. माझा पुढचा मफ बहुतेक असाच असेल.

आवाज मुळातच कमी करायच्या काही गोष्टीही केल्या. करवतीचं पातं वेळेवर बदलते, व्हॅक्यूम बाकाखाली जाड रबरावर ठेवला आहे, आणि फळीची कड साफ करायला राऊटरऐवजी शक्य तिथे हातरंधा घेते. रंध्याचा 'सर्रर्र' मला तसाही आवडतो.

एक सवय आवर्जून सांगते. मफ राऊटरच्या मुठीवरच टांगलेला असतो. राऊटर उचलायचा तर आधी मफ हातात येतो, आणि हातात आला की कानावर जातो. काम झालं की आधी बटण बंद, मग पातं पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, मगच मफ. पातं थांबताना जो आवाज होतो तोही आवाजच आहे, तो मी सहा वर्षं मोजणीत धरला नव्हता.

गाद्यांची झीज हा शेवटचा मुद्दा. घामाने आणि त्वचेच्या तेलाने गादीचं आवरण हळूहळू कडक होतं. रोज बघत असल्यामुळे ते कळत नाही. मागच्या महिन्यात नव्या गाद्या आल्या तेव्हा जुनी आणि नवी हातात धरून पाहिली. नवी दाबली की बोट आत जायचं आणि ती निवांत वर यायची. जुनी दाबली की परत ताठ, आणि चष्म्याची काडी जिथे यायची तिथे तिच्यात कायमची एक आडवी खाच पडलेली. त्या खाचेला बारीकशी चीर गेलेली होती. नखाच्या टोकाएवढी, पण आवाजाला तेवढी वाट पुरते. आता कामाचा दिवस संपताना ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने गाद्या पुसते, स्पिरिट लावत नाही, आणि आत चीर आहे का ते बोट फिरवून पाहते.

बाबांसाठीही एक मफ घेतला. त्यांचं म्हणणं होतं, आता माझं काय राहिलंय वाचवायला. पण आहे ते वाचवायचं आहेच, आणि श्रवणयंत्र म्हणजे रक्षण नव्हे. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा रुंद, त्यामुळे माझ्या डोक्याला बरा असलेला पट्टा त्यांना आवळायचा. तिसरा मफ घालून पाहिला तेव्हा त्यांना पसंत पडला. श्रवणयंत्र काढून त्याच्या डबीत, डबी खिडकीत, मग मफ, असा त्यांचा क्रम ठरला आहे.

मापं मात्र आम्ही आता यंत्र बंद असतानाच बोलतो, आणि एकेक आकडा सुटा सांगतो. मी कोनाड्यातून म्हणते, "पाच, सहा, शून्य." बाबा लिहितात आणि फळी माझ्याकडे वळवून धरतात, मी वाचेपर्यंत.